कर्करोगाचे मृत्यू : बुलडाण्याचा आकडा कोठे आहे?

दुखवट्याच्या घरी गेले की अलीकडे एक वाक्य हमखास कानी पडते : "फादर, आपल्याकडे कॅन्सर फारच वाढला आहे हो." बोलणारा उगाच बोलत नसतो. त्याच्या गल्लीत दोन वर्षांत तिघे गेलेले असतात, चुलत्याच्या जबड्याची शस्त्रक्रिया झालेली असते, शेत विकून उपचार केलेले असतात. कोणी फवारणीच्या औषधांना दोष देतो, कोणी पाण्याला, कोणी नशिबाला. त्या दुःखाला आकड्यांनी उत्तर देऊ नये, हे मान्य. परंतु 'फार वाढला' हे विधान खरे की खोटे, आणि देशाच्या तुलनेत आपला जिल्हा कोठे उभा आहे, हे कधीतरी शांतपणे तपासले पाहिजे. कारण औषध कोठे द्यायचे, तपासणी कोणाची करायची आणि पैसा कशावर खर्चायचा, हे त्याच उत्तरावर ठरते.

प्रथम देशाचे चित्र पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ या वर्षासाठी केलेल्या अंदाजानुसार भारतात सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख १७ हजार माणसे या रोगाने दगावली. त्याच वर्षासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या आधारे मांडलेला अंदाज नव्या रुग्णांचा १४ लाख ६१ हजार आणि मृत्यूंचा सुमारे ८ लाख ८ हजार असा आहे. म्हणजे एकाच देशाच्या एकाच वर्षाच्या मृत्यूंच्या दोन अंदाजांत लाखाहून अधिक अंतर पडते. येथेच वाचकांनी सावध व्हावे. हे आकडे घरोघर मोजून आलेले नाहीत. काही ठिकाणच्या नोंदींवरून सर्व देशासाठी गणिताने काढलेले आहेत.

आता बुलडाणा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या हजारात दोन भागांहून किंचित अधिक. देशाचा सरासरी दर जसाच्या तसा आपल्याला लावला, तर जिल्ह्यात वर्षाला साधारण १७०० ते १९५० कर्करोग मृत्यू व्हायला हवेत, दिवसाला जवळजवळ पाच. तेरा तालुक्यांत मिळून रोज पाच घरे. मात्र हा हिशेब आहे, मोजणी नव्हे. मोजणी कोठे आहे, असे विचारल्यास उत्तर ओशाळवाणे आहे.

आपल्या देशात कर्करोगाची शास्त्रशुद्ध मोजणी करतात ती लोकसंख्येवर आधारित नोंदणी केंद्रे. पहिले केंद्र १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाले. ग्रामीण भागातील देशातले पहिले केंद्रही महाराष्ट्रातच, बार्शीला, १९८७ मध्ये उभे राहिले. २०१२ ते २०१६ या काळातील माहितीवर २०२० मध्ये जो राष्ट्रीय अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात अशा २८ केंद्रांची माहिती होती आणि त्यांपैकी सात महाराष्ट्रातील होती : मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड. पूर्वेला वर्धा-नागपूर, पश्चिमेला औरंगाबाद. मधला वऱ्हाड मात्र या नकाशावर कोरा. बुलडाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ यांपैकी एकही जिल्हा त्यात नाही. म्हणून 'आपल्याकडे देशापेक्षा जास्त' किंवा 'आपल्याकडे कमी' ही दोन्ही विधाने आज सारखीच निराधार ठरतात.

मग शेजारच्या आरशात पाहावे काय? आपल्यासारखेच कोरडवाहू शेतीचे जिल्हे म्हणजे बीड आणि उस्मानाबाद, ज्याचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले आहे. त्या राष्ट्रीय अहवालात वयाच्या रचनेतील फरक काढून टाकल्यावर मिळणारा नव्या रुग्णांचा दर या दोन जिल्ह्यांत सर्वांत कमी होता : दर लाख पुरुषांमागे ३९.५ आणि स्त्रियांमागे ४९.४. याउलट मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांचा दर २६९.४ होता. वरवर पाहता निष्कर्ष सोपा वाटतो. शहरे आणि ईशान्य भारत रोगट, आपली खेडी निरोगी. भाकरी-ठेचा खाणाऱ्याला कॅन्सर कशाला होतो?

हा निष्कर्ष घाईचा आहे, आणि तो का, हे एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. २००१ ते २००३ या काळात देशभरातील साडेसहा हजारांहून अधिक लहान वस्त्यांमध्ये झालेल्या १ लाख २२ हजारांवर मृत्यूंची चौकशी करण्यात आली. प्रशिक्षित कार्यकर्ते मृताच्या घरी गेले, आजाराची लक्षणे कुटुंबीयांकडून लिहून घेतली आणि डॉक्टरांनी त्यावरून मृत्यूचे कारण ठरविले. २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार ३० ते ६९ वयोगटात कर्करोग मृत्यूंचा दर खेड्यात आणि शहरात जवळपास सारखाच निघाला : पुरुषांमध्ये खेड्यात लाखामागे ९५.६, शहरात १०२.४, स्त्रियांमध्ये खेड्यात ९६.६, शहरात ९१.२. स्त्रियांच्या बाबतीत खेडे किंचित पुढेच होते. आणखी एक गोष्ट मन अस्वस्थ करणारी होती. निरक्षरांमधील मृत्युदर सर्वाधिक शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक होता.

हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून वाचावेत. ग्रामीण केंद्रांत रुग्णांची नोंद शहरांच्या मानाने बरीच कमी, पण ग्रामीण मृत्यू शहरांच्या बरोबरीने. याचा अर्थ एवढाच निघू शकतो की खेड्यातील काही रुग्णांचे निदान होतच नाही. आणि ज्यांचे होते, त्यांच्यापैकी बरेच जण वेळ टळून गेल्यावर दवाखान्याची पायरी चढतात. कमी नोंद हे आरोग्याचे लक्षण नसून अंधाराचेही असू शकते. हाच धागा देश आणि जग यांच्या तुलनेतही दिसतो. २०२२ मध्ये जगात सुमारे दोन कोटी नवे रुग्ण आणि ९७ लाख मृत्यू झाले, म्हणजे शंभर नव्या रुग्णांमागे ४८ ते ४९ मृत्यू. भारतात त्याच अंदाजानुसार हे प्रमाण शंभरास ६५ आहे. आपल्याला रोग जगापेक्षा अधिक होतो असे नाही. झाल्यावर आपण अधिक मरतो.

आता 'वाढला' या शब्दाकडे वळू. लोकसंख्या वाढली, माणसे अधिक वर्षे जगू लागली आणि तपासण्याही वाढल्या. या तीन कारणांनी एकूण रुग्णांची संख्या वाढणारच. तेवढ्यावरून धोका वाढला असे म्हणता येत नाही. वयाचा फरक बाजूला काढून नोंदणी केंद्रांचे कल पाहिले, तर चित्र संमिश्र आहे. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक केंद्रांत हळूहळू कमी होत आला आहे, स्तनाचा वाढत आहे. सारेच वाढते आहे, ही समजूत म्हणून बरोबर नाही. आणि जे कमी होऊ शकते ते कमी करता येते, हा त्यातील आशेचा भाग आहे.

आपल्याकडे काही वेगळे आहे काय? एका बाबतीत आहे, आणि ती आपल्या खिशात असते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करीत होते, महाराष्ट्रातील २६.६ टक्के. बेरीज देशापेक्षा कमी आहे म्हणून समाधान मानू नये. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, पण चघळणारे-चोळणारे २४.४ टक्के, देशात हे दुसरे प्रमाण २१.४ टक्के होते. म्हणजे आपला माणूस विडी कमी ओढतो, परंतु तंबाखू-चुना, खर्रा, पुडी आणि मिश्री यांत देशाच्या पुढे आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती पाळली जाते हे कोणत्याही बसस्थानकाच्या भिंतीवर वाचता येते. वर सांगितलेल्या 'लॅन्सेट'मधील अभ्यासात पुरुषांच्या कर्करोग मृत्यूंत पहिला क्रमांक मुखाच्या कर्करोगाचा होता, हे लक्षात ठेवावे.

पाण्याचे काय, असे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा भागातील वाचक विचारतील. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे दुःख खरे आहे आणि तेथील मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. पण मूत्रपिंडाचा विकार वेगळा आणि कर्करोग वेगळा. एकाची शंका दुसऱ्याच्या पुराव्यात धरता येत नाही. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा थोड्याच दिवसांत तज्ज्ञांची पथके आली, रक्ताचे आणि पाण्याचे नमुने गेले, देशभर बातम्या झाल्या. ते योग्यच झाले. कर्करोग मात्र एकेका घरात, एकेकट्याने, महिनोन्‌महिने रेंगाळत मारतो. त्याच्यासाठी पथक येत नाही, कारण तो एकाच सकाळी सगळ्या गावाला दिसत नाही. तो दिसतो फक्त नोंदवहीत, आणि तीच आपल्याकडे नाही.

आकडा वाचण्याची सवय नसली म्हणजे काय होते, हे शेजारच्या हिंगोली जिल्ह्याने २०२५ मध्ये दाखविले. तेथे सुमारे २ लाख ९३ हजार स्त्रियांकडून लक्षणांची प्रश्नावली भरून घेण्यात आली. साडेचौदा हजारांच्या उत्तरांत कर्करोगासारखी लक्षणे आढळली. विधानसभेत ही माहिती येताच बातम्यांचे मथळे असे झाले की वाचणाऱ्यास साडेचौदा हजार स्त्रियांना कर्करोगच झाला असे वाटावे. त्या वेळेपर्यंत निदान पक्के झालेले रुग्ण होते बारा : मुखाचे आठ, गर्भाशयमुखाचे तीन, स्तनाचा एक. मोहीम चांगली होती. घाबरून जाणे किंवा थट्टेवारी नेणे, दोन्ही चुकीचे. संशयितांतून बारा जण वेळेवर सापडले, हेच तिचे फळ.

वेळेवर सापडल्याने किती फरक पडतो, याचा पुरावा परदेशात शोधण्याची गरज नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांवर एक अभ्यास झाला. एका गटाची गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत विषाणूसाठी आयुष्यात एकदाच तपासणी केली गेली. आठ वर्षांनी त्या गटातील ३४ हजार स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले होते; नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या साडेएकतीस हजारांत ६४. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. आणि वास्तव काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींची अशी तपासणी कधी काळी झाली होती. मुखाची तपासणी झालेले पुरुष १.२ टक्के. तोंड उघडून दाखवायला किती वेळ लागतो?

या साऱ्यातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, बुलडाण्यासह वऱ्हाडाला कर्करोग नोंदणी केंद्र हवे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बुलडाण्याचेही महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयात विकृतिशास्त्र आणि जनआरोग्य हे विभाग असतातच. नोंदणीचे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. ही मागणी लोकप्रतिनिधींकडे रस्ता-पुलाच्या मागणीइतक्याच आग्रहाने गेली पाहिजे.

दुसरी, मृत्यूचे कारण लिहिले गेले पाहिजे. २०२० मध्ये देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंना वैद्यकीय कारण प्रमाणित झाले होते. घरी मृत्यू झाला की कुटुंबीय 'म्हातारपण' किंवा 'अशक्तपणा' सांगतात आणि ग्रामपंचायतीत तेच उतरते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकास पाठवून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास विनामूल्य द्यायची आहे. ती मागून घ्यावी. घरी मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारण लिहून घ्यावे आणि एकवीस दिवसांच्या आत नोंद करावी. कर्करोग लपविण्यासारखा आजार नाही; तो लपविला की पुढच्या माणसाचे निदान लांबते.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या घरची. प्रत्येक धर्मग्रामात मृत्यूनोंदवही असते. नाव, वय, दफनाची तारीख जपून लिहिलेली असते. कशाने गेले, हे बहुधा नसते. धर्मगुरूंनी आणि धर्मग्राम समित्यांनी कुटुंबाच्या संमतीने कारणाची वेगळी टिपणी ठेवावी, ही आमची विनंती आहे. आपली कुटुंबे जिल्ह्यात मूठभर आहेत. त्या टिपणीतून जिल्ह्याचा दर निघणार नाही, आणि कोणी तसा दावा करूही नये. परंतु कोणाला गाल आतून जळजळल्यावर किती महिन्यांनी डॉक्टर दिसला, कोण औरंगाबादला गेला, कोण नागपूरला आणि कोण कोठेच गेला नाही, हे त्यातून निश्चित कळेल. रुग्णाभ्यंगासाठी शेवटच्या आठवड्यात बोलावणे येते, तेव्हा बहुतेक वेळा या प्रश्नांची उत्तरे उशाशीच असतात.

'आपल्याकडे कॅन्सर वाढला' असे पुन्हा कोणी म्हटले, तर त्याला खोडून काढू नये. त्याला शेजारी बसवावे आणि विचारावे : घरातील तिशीपुढच्या किती जणांची तपासणी झाली आहे? खिशातली पुडी कधी सुटणार? आणि जे गेले, त्यांच्या नावापुढे कारण लिहिले आहे काय? देशाच्या आकड्याशी तुलना करण्याचा हक्क जिल्ह्याला तेव्हाच मिळेल, जेव्हा आपण आपली माणसे एकेक करून मोजू.