कोयता मुलाच्या हाती, सूत्रे दुसऱ्याच्या

ऊसतोडीच्या हंगामात पती-पत्नीच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. गोव्याच्या कुळागरातही कोयत्यावाचून पान हलत नाही. कष्टकऱ्यांच्या या अवजाराला 2022 च्या अखेरीपासून पुण्यात भलतीच ओळख मिळाली. कोयते नाचवत वाहने फोडणाऱ्या, वाटेतल्या माणसावर वार करणाऱ्या टोळक्यांना 'कोयता गँग' हे नाव पडले आणि विषय नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पोहोचला. धरपकड झाली, मोक्का लागला, कोयता विकताना ग्राहकाचे आधार कार्ड घेण्याची सूचनाही दुकानदारांना झाली. घरच्या कोयत्याला अर्थातच आधार कार्ड लागत नाही.

या टोळक्यांत अल्पवयीन मुले वारंवार सापडतात, हा योगायोग नव्हे. शाळेतून गळालेल्या, कामधंदा नसलेल्या पोराला वस्तीतला 'भाई' प्रथम देतो ती ओळख. कोयत्याने केक कापलेला वाढदिवस, त्याची मोबाइलवर फिरणारी चित्रफीत, आणि काल हिंग लावून न विचारणाऱ्यांच्या डोळ्यांत आज दिसणारी भीती. पैसा नंतर येतो. भाईचा हिशेब निराळा असतो. बाल न्याय कायदा, 2015 नुसार मुलाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. 16 ते 18 वयोगटातील मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा, तर गुन्हा अतिगंभीर असावा लागतो आणि आधी बाल न्याय मंडळाची प्राथमिक तपासणी होते. म्हणून वार करायला मूल पुढे केले जाते.

अशा घटनेनंतर वयोमर्यादा खाली आणण्याची मागणी हमखास होते. ती मान्य झाली, तर भाई आणखी लहान पोर शोधील, एवढेच. वास्तविक भाईसाठी कायदा आहेच. बाल न्याय कायद्याच्या कलम 83 मध्ये मुलांना बेकायदा कामास जुंपणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 95 तर किमान तीन वर्षांची शिक्षा सांगते आणि मुलाने केलेला गुन्हा त्या प्रौढानेच केला असे मानते. मूल पकडले गेले की तपास तेथेच न थांबता त्याच्या हाती कोयता देणाऱ्यापर्यंत गेला पाहिजे.

स्कॉटलंडमधील ग्लासगो हे सुऱ्यांच्या टोळ्यांसाठी कुप्रसिद्ध शहर. तेथील पोलिसांनी 2005 मध्ये हिंसा रोखण्यासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि हिंसेकडे साथीच्या रोगासारखे पाहिले. 2008 मध्ये टोळ्यांतील तरुणांना न्यायालयात बोलावण्यात आले. पोलिसांनी कारवाईची स्पष्ट ताकीद दिली. जखमा शिवणारे शल्यचिकित्सक आणि मुलगा गमावलेली आई त्यांच्याशी बोलली. शेवटी, बाहेर पडायचे असेल तर शिक्षण आणि कामासाठी मदत मिळेल, असे सांगून दूरध्वनी क्रमांक देण्यात आला. धाक आणि दार, दोन्ही एकाच दिवशी.

आपल्याकडे धाक आहे. दार कायद्यात आहे, पण अर्धवट उघडे. अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्याला आर्थिक साहाय्य 'देता येईल', असे कलम 46 म्हणते. द्यावेच लागेल, असे म्हणत नाही. मेरशीच्या 'अपना घर'मधून काय किंवा पुण्यातल्या निरीक्षणगृहातून काय, मुलगा सुटतो त्या सायंकाळी परिवीक्षा अधिकारी फाटकाशी असतो की भाईची मोटारसायकल, यावर पुढचा बराचसा गुन्हा ठरतो.