हॉटेल म्हणजे नुसता धंदा नव्हे



गेल्या अंकातील पत्रात ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट गावच्या ‘क्रेग्ज रॉयल हॉटेल’बद्दल म्हटले आहे की, वारंवार बदललेल्या, नफ्यासाठी चालणाऱ्या इमारतीला वारसा म्हणू नये. हे मला मान्य नाही.

बॅलरॅटला सोने सापडले १८५१ मध्ये. तंबूंच्या वस्तीत दोनच वर्षांनी टॉमस बाथने हे हॉटेल काढले. तिथल्या सोन्याच्या खाणींवरचे ते पहिले परवानाधारक हॉटेल. खाणकामगारांच्या १८५४ च्या युरेका उठावानंतर सरकारी चौकशी आयोगाने याच हॉटेलात साक्षी ऐकल्या. पुढे खाणकामगारांवरची जाचक मासिक परवाना फी रद्द झाली. सामान्य माणसाचे गाऱ्हाणे जिथे सरकारदरबारी नोंदले गेले, ती जागा गावाच्या सार्वजनिक इतिहासाचा भाग नाही काय?

१८५७ मध्ये हे हॉटेल वॉल्टर क्रेग यांनी घेतले. १८६७ मध्ये ब्रिटिश राजपुत्र आल्फ्रेड तिथे उतरला, म्हणून नावात ‘रॉयल’ आले. त्याच सुमारास कवी अ‍ॅडम लिंडसे गॉर्डन हॉटेलमागचा घोड्यांचा तबेला चालवत होता. राजपुत्र आणि तबेलेवाला कवी एकाच आवारात वावरले!

राहिला बदलांचा मुद्दा. गाव वाढले तशी इमारत वाढली; प्रत्येक टप्पा त्या काळाचा पुरावा आहे. आणि धंदा चालू आहे म्हणूनच वास्तूची देखभाल होते. कुलूपबंद वास्तू आधी गळते, मग पडते. अशा हॉटेलांना संरक्षण हवेच, आणि गिऱ्हाईकही.

– एक वाचक, मेलबर्न