बाकांची टंचाई

१९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बहल्ल्यात ब्रिटिश हाऊस ऑफ कॉमन्सचे सभागृह भस्मसात झाले. १९४३ मध्ये फेरबांधणीचा प्रश्न निघाला, तेव्हा चर्चिल यांनी आग्रह धरला की, सभागृह लांबट चौकोनीच असावे आणि सर्व सभासद मावतील एवढे मोठे ते मुळीच नसावे. आजही तेथे ६५० सभासदांसाठी जागा आहेत सुमारे ४२७. टंचाईचे हे गुणगान अर्थशास्त्राच्या अध्यापकालाही चमत्कारिक वाटावे! परंतु त्यामागील हिशेब पक्का होता. प्रशस्त, रिकाम्या दालनात भाषणे होतात. दाटीवाटीच्या दालनात वाद होतो.

आपले नवे संसद भवन २०२३ मध्ये उघडले. तेथील लोकसभेत ८८८ आसने आहेत, सभासद ५४३. मतदारसंघ वाढतील या अपेक्षेने केलेली ही तरतूद समजण्याजोगी आहे. खटकते ते निराळेच. जुन्या भवनातील सेंट्रल हॉल नव्या इमारतीत नाही. जेथे घटना समिती बसली, त्याच दालनात पुढे लोकसभेत एकमेकांवर तुटून पडणारे सभासद कॉफी घेत शेजारी बसत. संयुक्त बैठकीची सोय आता लोकसभेच्या दालनात झाली आहे. त्या गप्पांची कोठे झाली?