लग्न नको, पण बोलणं हवं

घटस्फोटानंतर काही वर्षं एकटी राहिलेली, तारापूर एमआयडीसीत नोकरी करणारी ओळखीची एक मुलगी परवा म्हणाली, “ताई, कुणीतरी आहे. पण आम्ही काही ठरवलेलं नाही.” लग्न दोघांनाही नको, निदान आत्ता तरी नको. सुट्टीच्या दिवशी भेटतात, मधे फोन चालू असतो. घरी सातपाटीला कुणाला पत्ता नाही. बोलताना तिचा चेहरा खुलला होता आणि आवाजात धास्तीही होती. तिच्या आनंदाबद्दल मला काही शंका नाही. काळजी वाटते ती “काही ठरवलेलं नाही” याची.

सातपाटीत काही लपवायचं म्हणजे किती अवघड! पालघर स्टेशनच्या रिक्षात शेजारी बसलेली बाई हमखास आईच्या ओळखीची निघते. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली आणि विरार-बोरिवलीला जाऊन भेटणं सोपं झालं, तरी परतायचं याच फलाटावर. बदनामी होते तीही दोघांची सारखी होत नाही. त्याच्याबद्दल लोक दोन दिवस बोलतात. तिच्याबद्दल मात्र तिच्या धाकट्या बहिणीला स्थळ येईपर्यंत बोलत राहतात. आमच्या मच्छीमार मांगेला-वैती घरांतली बाई बाजारात मासळीची पाटी घेऊन बसते, दर ठरवते, उधारी वसूल करते, नवरा समुद्रावर असताना घर चालवते. इतकी खमकी बाई मुलीच्या बाबतीत मात्र लोक काय म्हणतील इथे येऊन अडते, याचं मला फार वाईट वाटतं.

याच जिल्ह्यात डोंगराकडे वारली पाड्यांवर अनेक जोडपी आधी एकत्र राहू लागतात आणि पैसे जमले की लग्न लावतात. कधी आईबापांच्या लग्नात त्यांची मुलंही नाचतात. ते नातं आणि शहरी मोकळं नातं एकच आहे असं मी म्हणणार नाही. त्यामागे गरिबीही आहे. पण तिथे नात्याला पाड्याची साक्ष असते, आणि कुणी नाकबूल झालं तर विचारणारी माणसं असतात. माझ्या ओळखीच्या या मुलीच्या नात्याला साक्षीदार कुणीच नाही, म्हणून दोघांमधल्या शब्दांवर जास्त भार येतो.

कायदाही शेवटी त्या शब्दांपाशीच येतो. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली खुशबू खटल्यात स्पष्ट केलं. तरीही २०१५ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी मुंबईच्या मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून जोडप्यांना बाहेर काढलं आणि दंड ठोठावला. बंद खोलीतल्या सज्ञान माणसांना सार्वजनिक ठिकाणच्या असभ्यतेचं कलम लावणं हा उघड अन्याय होता. २०१० मध्येच वेलुसामी खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मुलींना माहीत असायला हवी. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं संरक्षण लग्नासारख्या नात्याला मिळतं, नुसतं शनिवार-रविवार भेटण्याला नाही. म्हणजे असं नातं बिनसलं, तर त्या कायद्याचा आधार तिला नाही. दुसऱ्या बाजूला, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ६९ आहे. पाळायचा हेतूच नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवले, तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वचन मुळातच खोटं होतं की नंतर मोडलं, हा फरक न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात समजावून सांगितला आहे. तेव्हा “बघू पुढे” असं मोघम बोलणं त्याच्याही हिताचं नाही.

शरीराच्या गोष्टी तर आणखी स्पष्ट बोलायला हव्यात. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, त्यासाठी खटले सोसले. शंभर वर्षं झाली, तरी गावातल्या मेडिकलमध्ये निरोध मागायला मुलगी धजत नाही. मग बोईसरहून आणावा, त्यानेही आणावा, पण आणावाच. सरकारी आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते. दोघांनी जाऊन करून घ्यावी. आणि गर्भ राहिलाच, तर कायद्याने गर्भपाताचा जो हक्क विवाहितेला आहे तोच अविवाहितेलाही आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला आहे. हे माहीत नसल्यामुळे मुली घाबरून भलत्या माणसांकडे जातात, म्हणून लिहिते आहे.

एकटेपणानंतर सोबत मिळाली की माणूस प्रश्न विचारायला भितो. विचारलं आणि गेला तर? ही भीती मला समजते. पण त्या एकट्या वर्षांत ती पगार स्वतः सांभाळायला शिकली, सुट्टीचा दिवस आपल्या मनासारखा घालवायला शिकली. त्याच्या फोनची वाट बघत त्या सुट्ट्या जाऊ लागल्या, तर कमावलेलंच हातचं जाईल. बांधिलकी नको म्हणणारा माणूसही काही गोष्टींना बांधील असतो: खोटं न बोलणं, फोनमधले फोटो कुणाला न दाखवणं, दुसरं कुणी असेल तर सांगणं.

मी तिला आधी एकच प्रश्न विचारायला सांगितला. घरचे त्याच्यासाठी मुलगी बघायला लागले, तर तो हिला कधी सांगणार? पहिल्या दिवशी, की साखरपुडा झाल्यावर? इथल्या अशा बऱ्याच नात्यांचा शेवट याच वळणावर होतो, आणि मुलीला तो बहुतेकदा तिसऱ्याच कुणाकडून कळतो. ती म्हणाली, “चिडेल तो.” चिडू दे. त्याच्या चिडण्यातूनही तिला हवं ते उत्तर मिळेल, आणि ते आत्ता मिळालेलं बरं.