मोठा बोअर नको, मूळ इंजिन नीट करा

यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, तरी तिच्यावरचं प्रेम ओसरलेलं नाही. त्या प्रेमापोटीच काही जण तिला मोठ्या बोअरचं किट बसवून ताकद वाढवू पाहतात. यवतमाळच्या रस्त्यांवर रोज धावणाऱ्या गाडीला ते बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. मूळ इंजिनाचा बोअर ५० आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर, म्हणजे ९८ सीसी. बोअर ५८ केला की १३२ सीसी होतात, सुमारे ३५ टक्के जास्त. ताकद त्याच प्रमाणात वाढली असं धरलं, तरी टॉप स्पीड वाढतो जेमतेम १० टक्के. कारण हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत जाते. चढावरची ओढ वाढते, हे खरं. पण टू-स्ट्रोकमध्ये पोर्टचं माप, क्रँककेसमधला दाब, कार्बोरेटरचा जेट आणि ऑइल पंप ही सगळी एकमेकांशी जुळवलेली असतात. नुसते सिलिंडर-पिस्टन बदलले, जेट नव्याने जुळवला नाही आणि मिश्रण पातळ राहिलं, तर मे महिन्यातल्या ४४ अंशांत नागपूर रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन धावणारं हे एअर-कूल्ड इंजिन सीझ होण्याचा धोका फार मोठा. मागचं चाक अचानक लॉक झालं, तर मागून येणाऱ्या ट्रकला थांबायला वेळ मिळत नाही.

आरएक्स १३५ ला कंपनीनेच ५८ चा बोअर दिला होता, मग आम्ही का नको, असं विचारलं जातं. कंपनीने त्या आकाराला साजेसं आख्खं इंजिन बनवलं, तपासलं आणि मंजूर करून घेतलं होतं. किटमागे यातलं काही नसतं. गाडी आमची, पैसा आमचा, हेही पुरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी, कंपनीच्या मूळ मापांशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. कलम १८२अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघातानंतर विमा कंपनीला दावा अडवायला आयतं कारण मिळतं. या वयाच्या गाडीची ओढ कमी झाली असेल, तर बहुधा सिलिंडर झिजलेला, सायलेन्सर कार्बनने तुंबलेला किंवा क्रँकचं ऑइल सील गळत असतं. रिबोअर करून पाव मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसवा, सील बदला, सायलेन्सर साफ करा. त्यात कायदा मोडत नाही, आणि झिजेमुळे गेलेली ओढही बरीचशी परत मिळते.