माप कुणाच्या हाती?

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वेचे उद्घाटन केले. जलंबपासून खामगावपर्यंतचा हा जेमतेम तेरा किलोमीटरचा लोहमार्ग. इंग्रजांनी तो टाकला तो वऱ्हाडच्या माणसांसाठी नव्हे, वऱ्हाडच्या कापसासाठी. त्याच वर्षी समुद्राखालून आलेल्या तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली आणि लिव्हरपूलच्या बाजाराची खबर खामगावच्या व्यापाऱ्यापर्यंत झपाट्याने पोचू लागली. कापूस पिकवणाऱ्याला मात्र आपल्याच मालाचा भाव व्यापाऱ्याच्या तोंडूनच कळत होता. जाळे आले, पण त्याचे टोक त्याच्या हातात आले नाही.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण असे, की आता दुसरे जाळे विणले जात आहे. इंटरनेटला जोडलेले सेन्सर, म्हणजे संवेदक, हे त्याचे धागे. केव्हिन अ‍ॅश्टन या ब्रिटिश तंत्रज्ञाने १९९९ साली त्याला 'इंटरनेट ऑफ थिंग्ज', म्हणजे वस्तूंचे इंटरनेट, असे नाव दिले. आजवर इंटरनेटवर माणसे बोलत होती. आता माती आपली ओल सांगेल, नळ आपली गळती सांगेल, मनगटावरचे घड्याळ नाडी सांगेल. मला या यंत्रांचे कौतुक आहे. परंतु ती सांगतील कुणाला, हा प्रश्न १८७० सालाइतकाच आजही खरा आहे.

शेतातली ओल, काट्यावरची ओल

शेतकऱ्याला सेन्सर अगदीच नवा नाही. कापसाच्या हंगामात खरेदी केंद्रावरच्या गाड्यांच्या रांगा मी पाहत आलो आहे. गाडी पुढे सरकली की कापसात ओलावा मोजण्याचे यंत्र खुपसले जाते आणि एक आकडा उमटतो. कापूस महामंडळाच्या निकषानुसार ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, ८ ते १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात आणि १२ च्या वर गाडी परत. घरच्या अनेक महिन्यांच्या कष्टाचा निकाल त्या क्षणी लागतो आणि यंत्र असते दुसऱ्याच्या हातात.

सोयाबीनचेही तसेच. हमीभाव खरेदीसाठी १२ टक्के ओलाव्याची मर्यादा होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांवर नेली. शेंगेतला दाणा तोच होता, बदलले ते माप. तोवर नड असलेल्या अनेकांचा माल खासगी काट्यावर उतरून गेला होता. असे यंत्र गावातच, सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत, असते तर? माल वाळवून न्यायचा की थांबायचे, हे शेतकऱ्याने भाड्याची गाडी ठरवण्यापूर्वीच पाहिले असते.

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी असाच एक प्रयोग चालवला आहे. शेतात हवामान केंद्र आणि मातीतले सेन्सर, वरून उपग्रहाची छायाचित्रे, आणि या सगळ्याचे गणित करून पाणी-खताचा सल्ला थेट मोबाइलवर. मायक्रोसॉफ्टच्या मदतीने चाललेल्या या कामाचा गाजावाजा जगभर झाला. परंतु ऊस हे बागायती पीक आहे. आमच्याकडच्या कोरडवाहू रानात मातीने 'तहान लागली' असे सांगितले, तरी विहिरीत पाणी नसेल तर शेतकऱ्याने करायचे काय?

म्हणून आपल्याला हवी ती यंत्रे वेगळी आहेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. तो पाळायचा तर पाऊस आपल्या शिवारात किती पडला हे कळले पाहिजे. दुबार पेरणीचा खर्च त्यावर वाचतो. गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली, असे शास्त्र सांगते. रोज सापळे मोजायला सवड कुणाला? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आता कॅमेऱ्याचा सापळा तयार केला असून पंजाबच्या कापूसपट्ट्यात तो वापरून पाहिला गेला आहे. वऱ्हाडला खरी गरज आहे ती अशा यंत्रांची.

एक मंडळ, एक आकडा

२०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, साधारण महसूल मंडळाला एक. पण एका मंडळात अनेक गावे येतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी धरली जाते आणि मदतीचा मार्ग मोकळा होतो. ढग फुटला तुमच्या गावावर आणि यंत्र उभे चार कोसांवर कोरड्यात, तर कागदावर पाऊस पडलाच नाही!

यात अतिशयोक्ती नाही. एका ठिकाणच्या आकड्यावर किती विसंबावे, याचा धडा मुंबईने २६ जुलै २००५ रोजी दिला. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात अवघा ७३ मिलिमीटर. त्यानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. केंद्राच्या 'विंड्स' योजनेतही ग्रामपंचायतीला एक पर्जन्यमापक अशी कल्पना आहे. ती लवकर प्रत्यक्षात यावी.

'स्मार्ट सिटी' योजनेत महाराष्ट्रातली आठ मोठी शहरे होती. ती योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. खामगावसारखी नगरपालिकेची गावे तिच्यात नव्हतीच. त्याचे दुःख करू नये. पडद्यांनी झगमगणाऱ्या नियंत्रण कक्षापेक्षा जलवाहिनीवर चार जागी प्रवाहमापक लावले, तर पाणी नेमके कुठे मुरते ते अक्षरशः कळेल.

न विचारलेला प्रश्न

यंत्र विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देते. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस शेजारच्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. पहिला संशय गेला पाण्यावर, आणि ते साहजिकही होते; आपला भाग खारपाणपट्ट्याला लागून. तपासणीत पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त आढळले. पुढे बोट वळले सेलेनियमकडे, महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधले. समजा, त्या गावांत पाण्याचे क्षार मोजणारे सेन्सर रात्रंदिवस चालू असते, तरी धान्यातला दोष त्यांना दिसला नसता. यंत्राच्या जोडीला विचार करणारा डॉक्टर आणि तपासणारी प्रयोगशाळा लागतेच.

कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आणि आजीबाईसुद्धा '९४ च्या खाली नको' म्हणू लागल्या. त्या छोट्या यंत्राने अनेकांना वेळेवर दवाखान्यात पोचवले. पण डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की काळ्या त्वचेच्या रुग्णांत ते प्रत्यक्षाहून जास्त ऑक्सिजन दाखवून फसवण्याची शक्यता अधिक असते. आज आई खामगावात आणि मुलगा पुण्यात, आईच्या घड्याळातली नाडी मुलाच्या फोनवर, अशी कुटुंबे आहेत. काळजी दूरवर पोचते, हे चांगलेच. मात्र घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक हवे. शिवाय ती नाडी मुलाखेरीज आणखी कोणत्या कंपनीकडे जाते, हेही विचारले पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्याने दिलेला हक्क वापरायचा तर संमतीच्या चौकटीवर डोळे मिटून बोट ठेवण्याची सवय सोडावी लागेल.

तेव्हा मागणी नुसती सेन्सरची नको. गावातल्या प्रत्येक सरकारी यंत्राचा आकडा त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. यंत्र बंद पडले तर ते किती दिवस बंद होते, हेही तेथे लिहावे. आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेच्या अंगणात एक साधा पर्जन्यमापक असावा. हवामान खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला मुलांनी त्यातला पाऊस मोजून वहीत लिहावा आणि मंडळाच्या यंत्राशी ताडून पाहावा. दोन आकडे जुळले नाहीत, तर गावाला तहसीलदारापुढे ठेवायला हातात काहीतरी असेल.