सोनेरी डबा परत न्या

मी गिरणीच्या रंगखात्यात राबतो. माझ्या नखांतला रंग जेवतानाही निघत नाही. तेव्हा रंगावर मी बोलणार.

आमच्या वस्तीतल्या विहारात कमिटीनं ठरवलं : बुद्धमूर्तीला सोनेरी रंग द्यायचा, डोक्यामागं फिरत्या लाइटचं चक्र लावायचं. घरटी वर्गणी. त्याच विहारात पोरांच्या पुस्तकांचं कपाट वर्षभर कुलपात पडलंय. मी उठून विचारलं, सोनं कशाला? एक म्हातारे उपासक म्हणाले, "पोरा, भगवंताची काया सोन्याच्या वर्णाची. ग्रंथातच आहे."

आहे बाबा. बत्तीस लक्षणांत आहे. पण तीच बत्तीस लक्षणं चक्रवर्ती राजाचीही, हेही तिथंच आहे. ज्यानं राजवाड्याकडं पाठ फिरवली, त्याच्या अंगावर राजवाडा पुन्हा का चढवता?

त्यापेक्षा चीवर बघा. दगडातल्या त्या घड्या शोभेच्या नाहीत. उकिरड्यावरच्या, मसणातल्या चिंध्या वेचायच्या, धुवायच्या, शिवायच्या, झाडाच्या साली-मुळ्या उकळून रंगवायच्या. ते पांसुकूल. बुद्धानं जे आपण होऊन अंगावर घेतलं, तेच पुढं मनूनं शिक्षा म्हणून आपल्या अंगावर टाकलं. चांडाळानं मेलेल्याचे कपडे घालावेत, हे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. २५ डिसेंबर १९२७ला महाडला बाबासाहेबांच्या पुढारपणाखाली ती जळाली. २५ डिसेंबर १९५४ला देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली. तारीख एकच. जाळल्यावर तिथं काय उभं करायचं, याचं उत्तर मला त्यात दिसतं.

हात बघा. मारानं साक्षीदार मागितला तेव्हा यानं आभाळाकडं बोट केलं नाही, मातीला हात लावला. मांडीवरचं भिक्षापात्र बघा. त्यात घराघरातलं अन्न एकत्र व्हायचं, सोवळं त्यातच बुडालं. कचरा उचलणारा सुनीत त्या संघात भिक्खू झाला.

आणि कमिटीचं सोनं? आम्ही साड्यांवर छापतो तीच पितळेची भुकटी. हवा लागली की काळी पडते.

म्हणून सांगतो, डबा परत न्या. त्या पैशात पुस्तकं आणा, कपाट उघडा. दगडाला दगडाचाच रंग राहू द्या. नाहीतर उद्या आपलीच पोरं सोन्याच्या देवापुढं नवस बोलतील, आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात आपण काय सोडून आलो, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?